सवतीच्या छबीची आंघोळ

कौशल्या सासरी आली त्या दिवशी तिनं नवऱ्याचं तोंड धड पाहिलं नव्हतं, पण सवतीचं पाहिलं. बडनेऱ्याच्या अलीकडे दोन कोसांवर नवऱ्याचं, खुशालरावांचं, गाव. माप ओलांडून आत आली, देवापुढे बसवली, आणि मान वर करते तो देव्हाऱ्याच्या फळीवर खंडोबा-भवानीच्या टाकांना लागून एक बाई तिच्याकडे टक लावून बघत होती. कागदावरची बाई. तेरा वर्षांच्या पोरीच्या अंगावर काटा आला.

"हे मोठी," सासू म्हणाली. पार्वताबाई तिचं नाव. "हिचं नाव माणिक. आंदी हिच्या पाया पड, मंग देवाच्या."

दुजवराला दिलेल्या मुलीनं गेलेल्या सवतीला पुजायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. सोनाराकडून चांदीच्या पत्र्यावर तिचा टाक ठोकून घ्यायचा, देवांबरोबर त्याला न्हाऊ घालायचं, हळदकुंकू वाहायचं. नवं लुगडं आलं की आधी तिला दाखवायचं, पुरणाचा पहिला घास तिच्यापुढे ठेवायचा. एवढं केलं की ती शांत राहते आणि दुसरीचा संसार चालू देते. पण सन अठराशे पासष्टच्या त्या फाल्गुनात अख्ख्या अमरावतीत एका सोनाराला सवड नव्हती. दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीत पिकलेल्या कापसाला कोणी ऐकला नव्हता असा भाव आला होता. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या, बायकांच्या पायात शेराशेराचे तोडे. सोनार म्हणाला, चार महिने तोंड दाखवू नका. लग्नाची तिथी तर आठ दिवसांवर.

तेव्हा पार्वताबाईंना छबीची आठवण झाली. फोटोला तेव्हा छबीच म्हणत. मुंबईचा एक पारशी अमरावतीला कापसाच्या बाजाराजवळ राहुटी ठोकून बसला होता. हातात पैसा खेळत होता, तेव्हा खुशालरावांनी हौसेनं काढून घेतली होती. खुर्चीवर खुशालराव, पागोटं, पिळलेल्या मिशा. शेजारी माणिक उभी. पार्वताबाई म्हणाल्या, टाकावर काय, नुसता नाकडोळ्याचा ठसा असतो, इथं तर ती सगळीच्या सगळी हाये. छबी फळीवर गेली. जित्या माणसाला फूल वाहणं वाईट, म्हणून खुशालरावांच्या अर्ध्या भागावर खणाचा तुकडा वरच्या कडेनं चिकटवून टाकला. उरली एकटी माणिक.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौशल्येनं देव ताम्हनात घेतले आणि छबी हातात धरून उभी राहिली.

"आत्याबाई, हिलेही आंघोळ?"

"देवाले घालून राहिली ना? मंग ती काय पारोशी बसन?"

कागदावर पळीनं पाणी घालायला तिचा हात धजेना. तिनं फडकं ओलं करून पिळलं, आणि लहान लेकराचं तोंड पुसावं तसं माणिकचं तोंड पुसलं. मग बोटानं हळद, कुंकू. त्या दिवशी काही बिघडलं नाही.

माणिक बाळंतपणातच गेली होती, तिची पोर तेव्हा सव्वा वर्षाची होती. जमुना. पहिल्याच संध्याकाळी पार्वताबाईंनी ती कौशल्येच्या मांडीवर ठेवली आणि त्या धारा काढायला निघून गेल्या. पोरीनं अर्धी घटका भोकाड पसरलं, मग कौशल्येच्या हळदीच्या लुगड्याचं टोक तोंडात धरून चोखत गप झाली. तेरा वर्षांची आई आणि सव्वा वर्षाची लेक, दोघी तशाच भिंतीला टेकून झोपल्या. तेव्हापासून जमुना तिची.

पण घरात तिला स्वस्थता अशी नव्हती. भाकरी थापताना पाठीला कोणी बघतंय असं वाटायचं. देव्हारा तर माजघराच्या कोनाड्यात, चुलीपासून दिसायचाही नाही. पाणी भरून आली की आधी आत डोकावायची. छबी होती तशी असायची, आणि तरी तिला वाटायचं, आताच डोळे वळवले हिनं. सासू रागावली की वाटे, हिनंच चुगली केली. नवरा गोड बोलला तर आणखी धास्ती, आता हिला राग येणार. जेवताना घास हातात धरून थांबायची. एकदा तिनं छबी भिंतीकडे तोंड करून ठेवली, आणि तासाभरात धावत जाऊन पुन्हा सरळ केली.

पुढे लढाई थांबली. भाव कोसळले. बैलांच्या शेंब्या मोडीत गेल्या आणि सोनारांना सवडच सवड झाली. पण टाकाची आठवण मग कोणाला राहिली नाही, छबीची सवय होऊन गेली होती.

कौशल्येला दिवस गेले ते एकदाच, आणि तिसऱ्याच महिन्यात पोट पडलं. पार्वताबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मोठीचं काही राह्यलं असन. नीट करत जाय व तिचं." मग ती आणखी नीट करू लागली. सकाळी आंघोळ, शुक्रवारी दुधाची, सणाला तेल लावून. कागद तो. आधी कोपरे फुगले. मग लुगड्याचा काठ गेला. मग हनुवटी धुकट झाली. कौशल्येला वाटलं, देवी प्रसन्न झाली की रूप बदलते म्हणतात, तसं असेल.

आणि बघा, रोज इतकं बघितलं की भीतीसुद्धा झिजते. कौशल्या सोळाची झाली. छबीतली माणिकही सोळाचीच होती. सवत म्हणून जिला थरथर कापायचं ती आपल्याच वयाची एक पोरगी आहे, हे तिच्या एके दिवशी ध्यानात आलं. हिची मान अशी ताठ का, तर मागून त्या पारशानं लोखंडी चिमटा लावला असेल. छबी निघेस्तोवर हलायचं नाही म्हणून. खालचा ओठ दातात धरलाय. आणि पदराखाली तो उजवा हात. तो पोटावर ठेवलाय, आणि ते पोट काही रिकामं नाही. घरात सगळे सांगत, छबी लग्नाच्या सालची, जमुनेच्या कितीतरी आधीची.  पण कौशल्येला कळलं की त्या छबीत दोघी आहेत. तिथं जमुनाही आहे, आणि ती माणिकच्या हाताखाली आहे.

हे कळलं आणि तिचं मन पुन्हा बिथरलं. सवतीची भीती होती तोवर बरं होतं.

जमुना चार वर्षांची झाली तेव्हा आजीच्या मांडीवर बसून तिनं विचारलं, "ते कोन हाये फळीवर?" आणि पार्वताबाईंनी सहज सांगितलं, "तुही खरी माय."

पोरगी उठली, छबीपुढे उभी राहिली. बराच वेळ राहिली. मग चुलीजवळ येऊन म्हणाली, "माय, तू माही खोटी माय हायेस का?"

कौशल्या हसली. तव्यावरची भाकरी उलटली. दुसऱ्या दिवशी छबी पुसताना तिचा अंगठा माणिकच्या डाव्या डोळ्यावर थोडा जास्त वेळ राहिला.

काय झालं, कसं झालं, हे तिला मागाहून कधी सरळ सांगता आलं नाही. रोजची आंघोळ तीच, मंत्र तेच, हातही तोच. पण डोळा जातोय हे तिला दिसत होतं आणि ती थांबली नाही. फडकं थोडं अधिक ओलं असायचं, एवढंच. गौरी आल्या तोवर दोन्ही डोळे गेले. दिवाळीत नाक. मग जिथं तोंड होतं तिथं कुंकवाचा नुसता एक थर राहिला. पार्वताबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, खुशालराव देव्हाऱ्याकडे लांबून हात जोडून शेतात पळणारे. जमुनेनं पुन्हा विचारलं नाही. कोणालाच कळलं नाही. आणि ज्या दिवसापासून माणिकचे डोळे नाहीसे झाले त्या दिवसापासून कौशल्येला झोप नीट लागेना. आधी ती बघायची म्हणून, आता बघत नाही म्हणून.

एकोणसत्तरचा मार्गशीर्ष. वेचणी जोरात. खुशालराव अकोल्याच्या बाजारातून परत आले, ओट्यावर पाय धूत म्हणाले, "अकोटचा भगवंत भेटला होता. माणिकचा भाऊ. म्या गोष्टीगोष्टीत छबीचं सांगितलं, त त्याचं तोंडच उतरलं. म्हणे मायले माहीतच नाही. आता बुढी येऊन राहिली. येत्या गुरुवारी."

पार्वताबाईंच्या हातातली वात तशीच राहिली. माणिकची आई गंगूबाई. लेक गेल्यापासून सहा वर्षांत तिनं या उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता. निरोप मात्र दरवर्षी यायचा, पोर आमच्याकडे द्या.

"छबीच पाहाले येते का?" पार्वताबाईंनी विचारलं.

"पोरीचंही म्हणून राहिला होता. बुढीच्या मनात हाये न्यायचं. आता आजीच हाये, आपुन नाही कसं म्हणाव?"

कौशल्या आत गेली आणि कोनाड्यापुढे उभी राहिली. तोंड नसलेली माणिक. सवतीनं पुसून काढलं, असंच कोणीही म्हणेल. आणि जिनं मेलीचं तोंड शिल्लक ठेवलं नाही तिच्याजवळ तिची लेक कोण ठेवेल? यातलं खोटं काय होतं, तेही तिला सांगता आलं नसतं.

बुधवारी दुपारी सगळे शेतात असताना तिनं काजळाची डबी आणि ज्वारीची काडी घेतली. कुंकवाचा थर नखानं हळूच काढला. खाली पिवळट, केसाळ झालेला कागद. तिनं एक डोळा काढला. मग दुसरा. भुवई. मागे सरून बघते तो खेड्याबाहेर दगडावर सटवाई रंगवतात तसं काहीतरी वटारून बघत होतं. तिनं घाईनं पुसलं, तर काजळ पसरलं आणि कागदाचा पापुद्रा बोटाला चिकटून आला. तिनं पुन्हा कुंकू थापलं, जाड. हात धुतले. पुन्हा धुतले.

गुरुवारी गंगूबाई आली. अकोल्यापासून आगगाडीत बसली होती, लुगड्यावर कोळशाचे कण होते. पन्नाशीची, वाळकी, उंच. भगवंत तिच्यामागे बोचकं घेऊन. पार्वताबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पानी राहू द्या, विहीणबाई. तहान नाही."

"एवढ्या दुरून आल्या, घोटभर त घ्या."

"तहान असती त सहा वर्सं आंदीच आली असती."

जमुना दाराआडून बघत होती. गंगूबाईनं तिला जवळ बोलावलं, दोन्ही हातांत तिचं तोंड धरलं, आणि डोळे बारीक करून शोधू लागली. नाक पाहिलं, कान पाहिले, हनुवटी वर करून पाहिली. मग हात सोडले.

"बापावर गेली," ती म्हणाली. "मले वाटलं होतं, काही त असन." मग कौशल्येकडे न बघता, "छबी आण व."

कौशल्येनं छबी आणून तिच्या मांडीवर ठेवली आणि तिथंच खाली बसली. गंगूबाईनं पदरानं कुंकू झाडलं. आणखी झाडलं. पदराच्या टोकाला थुंकी लावून हलकेच पुसलं. मग तिचा हात थांबला. खणाचा तुकडा तिनं उचलून पाहिला. खाली खुशालराव जसेच्या तसे, मिशीचा केस न केस शाबूत.

"जवाई साबूत हाये," ती म्हणाली. "माही पोरगी कुठं हाये?"

 पार्वताबाई चाचपडत पुढे आल्या, कागदावर बोट फिरवलं, आणि त्यांना तेव्हा कळलं. "रोज आंघोळ घालायची व ती," त्या पुटपुटल्या. "म्याच सांगितलं होतं. टाकासारखं कर म्हटलं. कागद हाये हे ध्यानातच नाही आलं."

निसटायला एवढी वाट पुरेशी होती. सासूनं स्वतःवर घेतलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. कौशल्येनं तोंड उघडलं ते हो म्हणण्यासाठीच. पण म्हातारीची दोन बोटं त्या पापुद्र्याच्या कडेवरून फिरत होती, जणू काही सापडेल अशी, आणि कौशल्येला ते बघवेना.

"आंघोळीनं गेली, माय," ती म्हणाली. "पन अर्धीच. डोळे गेले ते मले दिसून राहिले होते. म्या हात नाही थांबवला."

"काहून?"

"जमुनानं इचारलं होतं, खरी माय कोन म्हणून."

खुशालराव दारातून पुढे झाले. "काय बोलून राहिली तू? चाल आत."

"बसू द्या तिले," गंगूबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. ती कौशल्येकडे प्रथमच नीट बघत होती. "किती वर्सं पाहिली तुनं हे छबी?"

"पाच होतीन फाल्गुनात."

"रोज?"

"रोज."

"मले तिचं तोंड आता येत नाही ध्यानात," गंगूबाई म्हणाली. "लहानपनचं येते. मोठेपनचं येते न् जाते. म्हणून आली होती. तूच सांग आता. कशी दिसत होती?"

कौशल्येला वाटलं, हा राग आहे. मग दिसलं, म्हातारी खरंच वाट बघतेय. तिनं डोळे मिटले आणि सांगू लागली. डाव्या भुवईत बारीक खंड होता. गंगूबाई म्हणाली, पाट्याची कोर लागली होती, पाच वर्सांची होती तवा. नथ मोठी, ओठावर यायची. कान जड, बुगड्यांनी ओघळलेले. खालचा ओठ दातात धरलेला.

"भेली की असंच करे," गंगूबाई म्हणाली. "सांग."

"डावा हात यांच्या खुर्चीवर. बोटं नुसती टेकवलेली. आन् उजवा," इथं कौशल्या अडखळली. खुशालराव समोर उभे होते. सासूनं मान खाली घातली होती. "उजवा पदराखाली. पोटावर."

"पोटावर काहून?"

"जमुना होती ना पोटात. सातवा असन. नाही त आठवा."

 गंगूबाईनं छबी खाली ठेवली.

"जमुना पौषातली, त मंग मार्गशीर्षातली हाये ही," ती म्हणाली. "जवाईबापू, म्या भगवंताले पाठोलं होतं तवा. पयलं बायतपन मायघरी करायचं, पोरीले घेऊन ये म्हटलं. तुमी काय निरोप देला होता?"

खुशालराव भिंतीकडे बघत होते. "गाड्या कापसावर होत्या," ते म्हणाले. "भावच तसा होता. एकही जोडी मोकळी नव्हती."

"अमरावतीले छबी काढाले होती."

 हौसेनं काढलेली ती छबी घरात सहा वर्षं मिरवत होती. पाव्हण्यांना दाखवत होते, देवात बसवली होती. आता तिच्याकडे बघायची हिंमत त्या घरात कोणाला राहिली नाही. पार्वताबाई रडू लागल्या, आवाज न करता. कौशल्येच्या मनात एकच चालू होतं, झालं, आता पोरगी गेली. पोरीला या घरात ठेवायचं कारण तिनं आपल्याच तोंडानं संपवलं होतं.

गंगूबाई उठली. "जमुना, चाल. कपडे घे. अकोटले जायचं हाये."

जमुना कौशल्येच्या मागे येऊन तिच्या पदराला धरून उभी राहिली. "माय येते का?" तिनं विचारलं.

गंगूबाई थांबली. भगवंत हळूच म्हणाला, "माय, आगगाडीची येळ होऊन राहिली." तिनं त्याला हातानं गप केलं. बोचकं सोडलं, आतून एक खण आणि नारळ काढला. ते तिनं बहुधा जमुनेसाठी आणले असावेत. कौशल्येपुढे बसून तिनं घरातलं सूप मागवलं, मूठमूठ तांदूळ घेऊन तिची ओटी भरू लागली. लेकीच्या जागी आलेली ती लेक, हीही आपल्याकडची रीतच. सहा वर्षांत या घराशी तिनं ती पाळली नव्हती.

"तुनं पुसलं हे मी इसरनार नाही," ओटी भरताना ती खालच्या आवाजात म्हणाली. "मरेपर्यंत नाही इसरनार. पन तुनं झाकलंही नाही. पदर धर नीट, सांडून राहिले तांदूळ."

कौशल्येनं पदर धरला. तरी दोन-चार दाणे सांडलेच.

"जवाईबापू, गाडी नोको आता तुमची," गंगूबाई उठत म्हणाली. "बडनेऱ्यापर्यंत आमी पायी जातो. लेक आन् नात, दोघी माह्यासंगं येऊन राहिल्या. महिन्यानं भगवंत आणून सोडन. दोघीले."

खुशालरावांनी मान हलवली. मग ते गोठ्याकडे गेले, आणि कापसानं भरलेली गाडी रिकामी करायला त्यांनी गड्यांना हाक मारली. गंगूबाईनं ती ऐकली, पण ती थांबली नाही. दोन कोस ती पुढे, मागे भगवंत, त्याच्यामागे कौशल्या आणि तिचं बोट धरून जमुना. वाटेत गाडी मागून आली, बरोबरीनं चालू लागली. गंगूबाई चढली नाही. पण जमुनेचे पाय दुखायला लागले तेव्हा तिनं पोरीला उचलून गाडीत ठेवलं, आणि कौशल्येला म्हणाली, "तूही बस. ते भेते एकटी."

अकोटला शेजारच्या बाया जमल्या. कोन व हे, म्हणून विचारू लागल्या. गंगूबाई अंगणात मेथी निवडत होती. तिनं जुडी कौशल्येपुढे सरकवली.

"माहीच हाये," ती म्हणाली. "देठं जास्त घेऊ नोको व, कडू होते."

कौशल्या भाजी निवडू लागली. महिना पुरा व्हायला अजून सत्तावीस दिवस होते, आणि आपण परत निघताना जमुनेचं बोट आपल्या हातात असेल की नाही, याची खात्री तिला त्यातल्या एकाही दिवशी वाटली नाही. महिना भरला त्या दिवशी गंगूबाईनं स्वतः जमुनेची वेणी घातली, तिला भगवंताच्या गाडीत कौशल्येच्या मांडीवर बसवलं, आणि वाटेसाठी दशम्यांचं गाठोडं दोघींच्या मध्ये ठेवलं.

"बैलाचा पोया झाला की आणजो तिले," ती कौशल्येला म्हणाली, आणि गाडी वळायच्या आतच घरात निघून गेली.